‘अनाथ’ कोणाला म्हणावे? बालगृहांच्या इतिहासातील एक प्रश्न

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ‘अनाथ’ हा शब्द केवळ आईबाप नसलेल्या मुलापुरता मर्यादित नव्हता. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात सुरू केलेला ‘अनाथ बालिकाश्रम’ हा मुख्यतः विधवांसाठी होता. ज्याला सांभाळणारा नाथ नाही तो अनाथ. त्याचे जन्मदाते हयात आहेत की नाहीत, हा प्रश्न त्या काळी दुय्यम होता. शब्दाची ही व्याप्ती ध्यानात घेतल्याशिवाय आपल्याकडील बालगृहांचा इतिहास नीट उलगडत नाही. या गृहांत पोचलेल्या पुष्कळ मुलांची आई किंवा बाप, क्वचित दोघेही, जिवंत असत. निराधार झालेले असे ते सबंध घरच.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेने गुप्तपणे यावे, बाळंत व्हावे आणि मूल न्यावे वा तेथेच ठेवावे, अशी ती सोय होती. पुढे १८८४ साली बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांवर अभिप्राय देताना जोतीरावांनी या गृहाचा हिशेब मांडला आहे. तेथे ३५ विधवा बाळंत झाल्या. मुले जगली ती अवघी ५. उरलेली ३० दगावली, आणि मातांनी गर्भ पाडण्यासाठी आधीच घेतलेली विषारी औषधे हे त्याचे कारण जोतीरावांनी दिले आहे. संस्थात्मक संगोपनावर आज जी टीका केली जाते, तिला या आकड्यांपाशी थांबावे लागते. त्या अर्भकांपुढे संस्था की कुटुंब असा पर्यायच नव्हता. संस्था की मृत्यू, एवढाच होता. १८७५ साली पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने निघालेले आणि पुढे प्रार्थना समाजाने चालविलेले गृह याच गरजेतून उभे राहिले. यात्रेच्या गर्दीत ओळख लपवणे सोपे असल्यामुळे अशा स्त्रिया त्या क्षेत्री येत, आणि मुले मागे राहत.

पुण्याच्या गृहातील एक मूल मात्र गृहात राहिले नाही. एका ब्राह्मण विधवेच्या यशवंत नावाच्या मुलाला फुले दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतले. जोतीरावांनी मृत्युपत्राने त्यालाच वारस केले, आणि तो पुढे डॉक्टर झाला. चरित्रकार ही घटना औदार्याचा दाखला म्हणून सांगतात. बालसंगोपनाच्या इतिहासात तिचे मोल वेगळे आहे. गृह काढणाऱ्यांनीच गृहाला मुक्कामाचे ठिकाण न मानता वाटेवरचा थांबा मानले होते.

पुढच्या काळात हा थांबाच मुक्काम झाला. त्यामागे दुष्काळ होते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व स्त्रियांना आणून आसरा दिला. मिशनांची अनाथालयेही अशाच वर्षांत भरली. सरकारी प्रवाह निराळा होता. १८५० च्या कायद्याने निराधार मुलांना उमेदवारीवर कारागिरांच्या हाती सोपवण्याची सोय केली. त्यानंतर १८७६ आणि १८९७ चे सुधारशाळांचे कायदे आले. १९२४ च्या मुंबई बालक कायद्यात मुलाला ‘योग्य व्यक्ती’च्या हवाली करण्याची तरतूद होती, म्हणजे कुटुंबाचा विचार अगदीच नव्हता असे नाही. परंतु लोकांच्या मनात त्या व्यवस्थेची खूण उमटली ती ‘रिमांड होम’ या दोन शब्दांनी. मराठी घरांत खोडकर मुलाला या नावाचा धाक घातला जाई, यावरून त्या इमारतीची प्रतिमा कळते.

स्वातंत्र्यानंतरही दिशा झटकन बदलली नाही. १९८६ च्या बाल न्याय कायद्याने देशभर एकच चौकट आणली, पण ती मुख्यतः निरनिराळ्या गृहांची होती. भारताने १९९२ साली बालहक्क संहिता स्वीकारल्यानंतर २००० च्या कायद्यात दत्तकविधान, प्रतिपालन आणि प्रायोजकत्व यांना स्थान मिळाले. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तर केवळ गरिबीपायी मूल घरातून हलवू नये, असे बजावले. २०१५ च्या कायद्याने संस्था हा अखेरचा उपाय असल्याचे तत्त्व स्पष्ट शब्दांत नोंदवले.

या तत्त्वाची कसोटी लागली ती कोणत्याही योजनेने नव्हे, साथीने. २०२० साली टाळेबंदी आली तेव्हा देशातील बालगृहांत सुमारे २.२७ लाख मुले होती. वर्ष संपेपर्यंत त्यांपैकी सुमारे १.४६ लाख मुले घरी पाठवली गेली. म्हणजे जवळजवळ दोनतृतीयांश मुलांना जायला घर होते! मग ती तेथे का होती, याचे उत्तर बहुधा शाळा आणि दोन वेळचे जेवण या दोन गोष्टींतच सापडते. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने त्याच वर्षी महाराष्ट्रासह ८ राज्यांना मुले १०० दिवसांत घरी पाठवण्यास सांगितले. एकेका मुलाच्या घरची स्थिती पाहण्याआधीच अशी सरसकट मुदत ठरवणे, हे संस्थेत सरसकट दाखल करण्याइतकेच सदोष म्हणावे लागेल. ज्या दारिद्र्याने मूल बाहेर पडले ते दारिद्र्य घरात तसेच होते. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परतलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी दरमहा २,००० रुपये देण्याचा आदेश दिला, तो या वस्तुस्थितीची दखल घेणारा होता. ‘मिशन वात्सल्य’ने २०२२ साली प्रायोजकत्वाची रक्कम दरमहा ४,००० रुपये केली. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेतील अनुदान २०२३ साली २,२५० रुपयांवर गेले, आणि योजनेला सावित्रीबाईंचे नाव मिळाले.

शब्दाची जुनी व्याप्ती मात्र कायद्यातून गेलेली नाही. २०१५ च्या कायद्याच्या व्याख्येनुसार आईबाप वा कायदेशीर पालक नसलेले मूल अनाथ. आणि ज्याचा कायदेशीर पालक सांभाळण्यास राजी नाही किंवा समर्थ नाही, तेही अनाथच. असमर्थ कोणाला म्हणायचे, हे कलम सांगत नाही. ज्या आजीपाशी नातवाच्या शाळेपुरतेही पैसे नाहीत, तिला असमर्थ ठरवून मूल बालगृहात पाठवायचे, की तिच्याच हाती दरमहा अनुदान द्यायचे, हा निर्णय प्रत्येक वेळी जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे येतो.