चुन्याचा एच : जंगलातल्या हेलिपॅडची कुळकथा

चिमूरच्या माणसाला विमानात बसायचे असेल, तर त्याने सरळ नागपूर गाठावे. चंद्रपूरजवळ मोरव्याला सरकारी धावपट्टी आहे, पण ती जेमतेम साडेनऊशे मीटरची. मंत्र्यासंत्र्यांची लहान विमाने तिच्यावर उतरतात, तिकीट काढून जाणाऱ्यासाठी ती नाही. वाढवावी म्हटले तर एकीकडे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आणि दुसरीकडे कोळसा खाणींच्या मातीचे डोंगर. मग राजुरा तालुक्यात मूर्तीला नवा विमानतळ करायचे ठरले, तेव्हा तिथे जंगल आणि वाघ आडवे आले. वाघाची बाजू मला तरी चुकीची वाटत नाही.

वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत आणि तिथून खाली अहेरी, एटापल्ली, भामरागडकडे निघालो की धावपट्टीचा प्रश्नच उरत नाही. तिथला विमानतळ म्हणजे मुरूम टाकून, रोलर फिरवून सपाट केलेला एक चौकोन. त्यावर चुन्याने किंवा पांढऱ्या रंगाने गोल काढायचा आणि गोलात इंग्रजी एच. हा एच मनाला येईल तसा काढत नाहीत. आंतरराष्ट्रीय नियमात त्याची उंची 3 मीटर, रुंदी 1.8 मीटर ठरलेली आहे, आणि त्याची आडवी रेघ हेलिकॉप्टर ज्या दिशेने उतरायचे तिला काटकोनात असावी लागते. रुग्णालयाचे हेलिपॅड असेल तर पांढऱ्या फुलीवर लाल एच. आपल्याकडे जंगलात दिसतो तो बहुतेक पांढराच, कारण हेलिपॅड असते पोलीस मदत केंद्राच्या कुंपणाला लागून.

सोयी म्हणाल तर काठीला बांधलेली, वाऱ्याने फुगणारी कापडी नळी. ती नसेल तर धूर करून वैमानिकाला वारा दाखवायचा. आग विझवायची नळकांडी, एखादी रुग्णवाहिका आणि पाण्याचा टँकर. टँकरचे महत्त्व हेलिकॉप्टर उतरताना एकदा उभे राहिल्याशिवाय कळत नाही. आधी पाणी मारले नाही, तर पंख्याच्या झोताने असा धुरळा उठतो की वैमानिकाला जमीनच दिसेनाशी होते. म्हणून आसपासचे पत्रे, ताडपत्र्या, वाळत घातलेले कपडे सगळे आवरून ठेवायचे. एक शिपाई शेळ्या हाकलायला, दुसरा पोरे आवरायला. जवळ जायचे ते समोरून, वैमानिकाच्या नजरेसमोरून आणि वाकून. मागच्या बाजूला फिरकायचे नाही, कारण शेपटीचा लहान पंखा वेगात फिरताना डोळ्याला दिसत नाही. जमीन उताराची असेल तर खालच्या अंगाने जायचे, वरच्या अंगाने गेलात तर पाते डोक्याशी येते. प्रतीक्षालय म्हणजे मोहाचे झाड.

या चौकोनाचे कूळ शोधायला निघालो तर वाट चिमूरवरून जाते, असे माझे मत. 16 ऑगस्ट 1942, नागपंचमीचा दिवस. चिमुरात उठाव झाला, गोळीबार झाला, सरकारी अधिकारी मारले गेले, आणि लोकांनी वाटेवर झाडे आडवी पाडून बाहेरचा संबंध तोडला. सैन्य वरोऱ्यापर्यंत रेल्वेने आणि पुढे सडकेने येईपर्यंत तीन दिवस गेले. ते तीन दिवस चिमूर स्वतंत्र होते, हे आमच्याकडे अजून अभिमानाने सांगतात. त्यानंतर सैन्याने गावावर केलेले अत्याचार आणि त्याविरुद्ध गांधीजींचे सहकारी प्रा. भन्साळींनी केलेले उपोषण हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. मला इथे एवढेच दाखवायचे आहे की तोवर रानातल्या गावाच्या हातात एक हुकमी पान होते. रस्ता तोडला की सरकार पोहोचत नसे. कधी ते काम कुऱ्हाड करी, कधी नदीचा पूर.

ते पान निकामी करणारे यंत्र त्या वेळी जन्मलेले होते. इगोर सिकोर्स्की यांचे व्हीएस-300 हे 1939 मध्ये जमिनीवरून उचलले गेले होते. एप्रिल 1944 मध्ये ब्रह्मदेशच्या जंगलात जपानी फौजांच्या पिछाडीला एक लहान विमान कोसळले. त्यात वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक होते. कार्टर हारमन या अमेरिकन लेफ्टनंटने आसामातल्या लालाघाटहून सिकोर्स्कीचे वायआर-4 तिकडे नेले. त्यात वैमानिकाखेरीज एकच माणूस मावत असे, म्हणून चौघांना एकेक करून बाहेर काढावे लागले. उष्ण, दमट हवेत इंजिन तापत होते, उचल मिळत नव्हती. युद्धात हेलिकॉप्टरने जखमींना सोडवून आणण्याची ही पहिली खेप मानतात. म्हणजे या यंत्राची युद्धातली पहिली मोठी कामगिरी जंगलातली, एप्रिलच्या उन्हातली आणि रोग्यासाठीची. आपल्याकडे ते पुढे ज्या कामाला जुंपले गेले, ते पाहता हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

भारतीय हवाई दलात पहिले हेलिकॉप्टर 1954 मध्ये आले, तेही सिकोर्स्कीचेच, एस-55. पुढे रशियन एमआय मालिका, हिंदुस्तान एरोनॉटिक्सची चेतक आणि चीता, 1985 मध्ये स्थापन झालेली आजची पवनहंस ही सरकारी हेलिकॉप्टर कंपनी. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा नक्षलवादी दलम तिथे येऊन ठेपलेले होते. 1990 मध्ये पोलिसांचे सी-60 हे नक्षलविरोधी पथक उभे राहिले. सडकेखाली सुरुंग पेरलेले असायचे, त्यामुळे सडक असूनही ती वापरता येत नसे. इथे हेलिपॅड आले ते यापायी. जखमी जवानाला चकमकीच्या जागेवरून नागपूरच्या रुग्णालयात सडकेने नेईपर्यंत त्याचा जीव जाई. 8 ऑक्टोबर 2009 रोजी भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ 17 पोलीस मारले गेले, तेही विधानसभेचे मतदान पाच दिवसांवर असताना.

त्याच वर्षी गडचिरोली-चिमूर हा नवा लोकसभा मतदारसंघ पहिल्यांदा मतदानाला सामोरा गेला होता. आमगाव, आरमोरी, गडचिरोली, अहेरी, ब्रह्मपुरी आणि चिमूर असे सहा विधानसभा तुकडे, गोंदियाच्या टोकापासून तेलंगणाच्या सीमेपर्यंत. एकाच खासदारासाठी मत द्यायचे, पण चिमूरमधले मतदान पथक बसने केंद्रावर जाते आणि अहेरी भागातली कित्येक पथके हवाई दलाच्या एमआय-17 मधून. मतदानाच्या आधी दोन-तीन दिवस त्यांना पोलीस मदत केंद्रावर उतरवतात, तिथून पुढे बंदोबस्तात पायी. जिल्हा परिषदेचे गुरुजी कानात कापूस कोंबून, मतदान यंत्राची पेटी गुडघ्यांत धरून बसलेले असतात, आणि अनेकांचा आयुष्यातला पहिला हवाई प्रवास हाच. 2024 मध्ये 19 एप्रिलला मतदान झाले. एप्रिलचे ऊन म्हणजे हवा विरळ, आणि विरळ हवेत हेलिकॉप्टर कमी वजन उचलते. हारमनला छळणारे शास्त्र इथेही तेच, म्हणून जड फेऱ्या सकाळच्या थंडाव्यात उरकायच्या. दुर्गम भागात मतदान दुपारी 3 लाच थांबते, त्याचे कारण सुरक्षा. उजेड असेपर्यंत पथके तळावर परतायला हवीत.

पावसाळ्यात या चौकोनाचा धनी बदलतो. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम आहे. पर्लकोटेचा जुना पूल ठेंगणा, जोराचा पाऊस झाला की पाणी पुलावरून जाते आणि तालुक्याच्या गावाचे बेट होते. अलीकडे हेमलकसा, जिथे 1973 पासून लोकबिरादरी प्रकल्प आहे. पलीकडे बाजार आणि ग्रामीण रुग्णालय. मध्ये लाल पाणी. वर्तमानपत्रात दरवर्षी तीच ओळ छापून येते : भामरागडचा संपर्क तुटला. 2024 च्या पावसाळ्यात तिथे नुकत्याच बाळंत झालेल्या एका बाईला रक्त हवे होते. रस्ते बंद, म्हणून गडचिरोलीहून पोलिसांच्या हेलिकॉप्टरने रक्ताची पिशवी आणली.

बातमी गोड आहे, पण तिची दुसरी बाजूही पाहावी. हेलिकॉप्टर उठते ते वरिष्ठांचा होकार मिळाल्यावर, ढग वर असतील तर आणि उजेड असेल तर. रात्री उतरायला दिवे लागतात, ते सगळीकडे नाहीत. शिवाय हेलिपॅडपर्यंत रोग्याला आणायचे ते आतल्या पाड्यातून, खाटेची कावड करून, नाले पार करत. जवानाला जखम झाली की निरोप बिनतारी संदेशाने क्षणात जातो. बाळंतिणीचा निरोप आशाताई, आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा अशा पायऱ्या चढत जातो. ही पायऱ्यांची उतरंड कमी करता येणार नाही असे कुणी म्हणत असेल, तर ते मला पटत नाही. मतदान यंत्रासाठी आठवडाभर आधी वेळापत्रक बनते. बाळंतपणाची तारीख तर नऊ महिने आधी साधारण ठाऊक असते.

इतक्यात एसटी मात्र पुढे सरकली आहे. 1 जानेवारी 2025 रोजी अहेरी ते गर्देवाडा ही बस सुरू झाली. एटापल्ली तालुक्यातल्या त्या भागात लाल डबा पहिल्यांदाच गेला. पर्लकोटेवर उंच पुलाचे काम हाती घेतले गेले. पूल वाहता झाला की भामरागडच्या हेलिपॅडला पावसाळ्यात तेवढे काम राहणार नाही. नाल्यांपलीकडच्या पाड्यांना मात्र ते लागेलच, आणि त्यांच्यासाठी फुलीवरचा लाल एच कुठे कुठे काढायचा, हे पोलिसांच्या आधी आरोग्य खात्याने नकाशावर ठरवायला हवे.