उधळपट्टीचे कूळ

डामडौल, बडेजाव, थाटमाट, इतमाम, मिजास असे शब्दांचे मोठे खटले मराठीने श्रीमंतीच्या प्रदर्शनासाठी पोसले आहे खरे. परंतु त्या साऱ्यांत दिमाख आहे, खर्च नाही. तिजोरी रिकामी झाल्याची वर्दी देणारा शब्द म्हणजे उधळपट्टी, आणि त्याचे मूळ शोधू गेल्यास ते कोणा नवकोट नारायणाच्या वाड्यात न सापडता सर्वसंगपरित्याग केलेल्या स्मशानवासी शंकराच्या अंगावर सापडते, असे माझे मत आहे.

संस्कृतात ‘उद्धूलन’ म्हणजे चूर्ण भुरभुरणे. भस्मोद्धूलन हा तर शैवांचा नित्याचा आचार. शके 982 मध्ये, म्हणजे इ. स. 1060च्या सुमारास, शिलाहार राजा मुम्मुणीच्या कारकिर्दीत वालधुनीच्या काठी पूर्ण झालेल्या अंबरनाथच्या शिवालयात, पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जाणाऱ्या भस्मचर्चित साधूंच्या तोंडी हा शब्द खेळत असणारच. ‘द्ध’ सैल होऊन ‘ध’ झाला, ‘ल’चा शिरस्त्याप्रमाणे ‘ळ’ झाला, आणि मधला ऊकार मात्र बोलण्याच्या घाईत झिजला असे म्हटल्यावाचून गत्यंतर नाही. याहून बळकट पुरावा व्याकरणात नसून व्यवहारात आहे : आपण आजही गुलाल उधळतो, बुक्का उधळतो, जेजुरीस भंडारा उधळतो, म्हणजे या क्रियापदाची जुनी, घरची कर्मे सारी चूर्णेच होत, आणि पैसा हा त्या पंक्तीत मागाहून येऊन बसलेला पाहुणा.

प्रतिपक्ष म्हणतो, घोडाही उधळतो. तेव्हा मूळ अर्थ लगाम तोडून सुटणे हा, आणि बेलगाम खर्च ती उधळपट्टी. प्रवासी येथे घोडे बदलीत म्हणून हे बदलापूर, अशी आख्यायिका जपणाऱ्या गावाने हा पक्ष घेतल्यास मला नवल वाटणार नाही. परंतु चौखूर सुटलेल्या घोड्यामागे प्रथम दिसते ती धूळच. आणि ‘सभा उधळली’ यात लगाम नाही, पांगापांग तेवढी आहे. घोडा माझ्याच बाजूचा साक्षीदार ठरतो.

राहिली ‘पट्टी’. खरडपट्टीतल्याप्रमाणे हा निव्वळ प्रत्यय, असे सांगून पुष्कळ विद्वान मोकळे होतील. मला मात्र येथे दप्तराचा वास येतो. पेशवाईत सरकारचे कर्ज फेडण्यास रयतेवर कर्जपट्टी बसे. घरपट्टी व पाणीपट्टी आजही नगरपालिकेच्या वसुलीत आहेत. मग उधळपट्टी म्हणजे समाजाने ऐपतदारावर बसवलेली, ज्याची पावती मिळत नाही पण थकबाकी मात्र लोक विसरत नाहीत अशी पट्टी, असे का मानू नये? 1783 साली पुण्यास सवाई माधवरावांचे लग्न झाले तेव्हा नाना फडणविसांनी मानपानाच्या बारीकसारीक गोष्टींची याद करविली. ती दौलतीला भरावी लागलेली हीच पट्टी होय. खरडपट्टीचा आक्षेप म्हणाल, तर तीही वरिष्ठाने कनिष्ठाकडून केलेली वसुलीच!

या तर्कास उल्हासनगरात बळकटी मिळते. कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकींत फाळणीनंतर आश्रयास आलेल्या सिंधी निर्वासितांच्या या वसाहतीचे 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते नामकरण झाले. वस्त्यांना मात्र लोक अजून ‘कॅम्प’च म्हणतात. घरदार सिंधमध्ये राहिलेल्या व्यापाऱ्याला नव्या बाजारात पत सिद्ध करण्यास दस्तऐवज कोठून मिळावा? मुलीचे थाटाचे लग्न हाच त्याचा दस्तऐवज, असा माझा अदमास आहे; आणि आसपासच्या आगरी घरांतून हळदीच्या रात्रीवर होणारा खर्च पाहिला म्हणजे ही पट्टी केवळ निर्वासितांवरच बसलेली नाही, हेही ध्यानात येते.

सिंधी लग्नात नवऱ्यावरून नोटा ओवाळून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांस देतात, त्यांना ‘घोर’ म्हणतात. आपल्या ‘ओवाळून टाकणे’ याची ही सख्खी बहीण. हे पैसे फिरवले जातात, पण शेवटी कोणाच्या तरी हाती पडतात. म्हणून माझ्या व्युत्पत्तीप्रमाणे घोर ही उधळण नव्हे. जे धुळीसारखे हवेत उडवले तेच उधळले. हा काथ्याकूट कोणास निरर्थक वाटल्यास त्याने सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019चा निकाल पाहावा : महाराष्ट्रातील डान्स बारमध्ये नर्तकीस बक्षिसी देण्याची मुभा न्यायालयाने मान्य केली, नोटा उधळण्यावरील बंदी मात्र कायम ठेवली.