दोन अंशांवर विरघळणारं खनिज

हातमोजे काढू नका. साल 1837, शहर सेंट पीटर्सबर्ग, आणि तुम्ही उभे आहात त्या खोलीत थंडी मुद्दाम आत येऊ दिली आहे. समोर काचेच्या भांड्यात मॅग्नेशियम सल्फेटचं दाट द्रावण आहे. औषधाच्या दुकानात मिळणारं एप्सम सॉल्ट पाण्यात विरघळवलं की होतं तेच. पारा शून्याखाली उतरतो आणि भांड्यात स्फटिक धरू लागतात. एप्सम सॉल्टचे नेहमीचे स्फटिक सुईसारखे बारीक, लांब असतात; हे त्या जातीचे नाहीत. कार्ल युलियस फ्रिट्शे भांड्यावर वाकतात. (पुढे हाच माणूस निळीतून एक तेलकट पदार्थ वेगळा काढून त्याला अ‍ॅनिलिन म्हणणार आहे. त्या नावात आपला संस्कृत ‘नील’ आहे.) फ्रिट्शे हिशेब मांडतात: मॅग्नेशियम सल्फेटच्या एका रेणूमागे पाण्याचे 12 रेणू. हिशेब एका रेणूने चुकला आहे, आणि ही चूक निस्तरायला जवळजवळ 170 वर्षं लागणार आहेत.

तेवढी वर्षं ओलांडून कॅनडातल्या एका गॅरेजमध्ये या. बाहेर हिवाळा, आत हीटर नाही. क्वीन्स विद्यापीठातले खनिजशास्त्रज्ञ रोनाल्ड पीटरसन यांनी इथे तसंच द्रावण गोठायला ठेवलं होतं. त्यातला एक स्फटिक उचला आणि आता मात्र मोजा काढून तळहातावर घ्या. आधी तो पाण्यासारखा नितळ दिसतो. मग कडा बोथट होतात, आत दुधी धुकं पसरतं, आणि बघता बघता हातावर ओला, पांढरा लगदा उरतो. बर्फ वितळतो तसं हे वितळणं नाही. तापमान 2 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की स्फटिकातले पाण्याचे 11 रेणू एकत्र राहू शकत नाहीत. चार सुटतात, उरलेल्या सातांसह एप्सम सॉल्टचे बारीक कण तयार होतात आणि त्यातले काही सुटलेल्या पाण्यात पुन्हा विरघळतात. मूळ स्फटिकाच्या वजनात तब्बल 62 टक्के पाणीच होतं. घट्ट, कोरीव कडांचा तो खडा अर्ध्याहून जास्त पाण्याचा होता, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

पण माणसाने भांड्यात बनवलेल्या पदार्थाला खनिज म्हणत नाहीत. तो निसर्गात सापडावा लागतो. म्हणून तुम्ही ब्रिटिश कोलंबियात, अ‍ॅशक्रॉफ्टजवळच्या गोठलेल्या तळ्यावर येता. या तळ्याचं पाणी मॅग्नेशियम सल्फेटने कडू झालेलं आहे. त्याच्या बर्फात तेच स्फटिक मिळतात, आणि 2007 मध्ये खनिजांच्या यादीत नवं नाव चढतं: मेरिडियानिआइट. नाव कॅनडातल्या तळ्याचं नाही, मंगळावरच्या मेरिडियानी मैदानाचं आहे. मंगळाचं शून्य रेखावृत्त तिथून जातं.

आता तिथेच चला. इथून पुढचं पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं अनुमान आहे, हे लक्षात ठेवूनच पाऊल टाका. सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीचा मंगळ. पायाखाली आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळासारखाच बेसॉल्टचा चुरा. ज्वालामुखींच्या गंधकामुळे आम्लधर्मी झालेल्या पाण्याने त्यातलं मॅग्नेशियम ओढून घेतलं आहे. खारं भूजल वर झिरपतं, त्यातलं पाणी उडून जातं, आणि मऊ, ओल्या गाळात गारठा शिरतो. गुडघे टेकून बघा: गाळाचे कण बाजूला सारत चपटे स्फटिक आपापली जागा करतायत. हळूहळू सभोवतालचा गाळ दगड होतो. मग कधीतरी ऊब येते. स्फटिक पाणी होऊन निघून जातात, त्यांच्या आकाराची पोकळी राहते. ओताऱ्याच्या साच्यातलं मेण निघून जावं आणि साचा राहावा, तशी. जमिनीखाली अशा खनिजाचे मोठे साठे असतील, तर ते विरघळल्यावर वरची जमीनही खचली असेल. मंगळावर काही ठिकाणी दिसणाऱ्या कोसळलेल्या, विस्कटलेल्या भूभागाचं हेही एक कारण असू शकेल.

जानेवारी 2004. ऑपर्च्युनिटी नावाची सहा चाकी गाडी याच मैदानातल्या ईगल विवरात उतरते आणि खडकाजवळ जाऊन फोटो काढते. तिच्या खांद्यावरून तुम्हीही बघा. सल्फेटने भरलेल्या दगडात जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या, चपट्या, रिकाम्या खाचा. खनिज नाही, फक्त त्याची जागा. ज्याला हात लावता येत नाही अशा खनिजाचा याहून चांगला पुरावा मला तरी सुचत नाही, पण मेरिडियानिआइटचा एकही कण अजून मंगळावर प्रत्यक्ष हाती लागलेला नाही.

परत घरी आलात की एक करा. दोन वाट्या पाण्यात वाटीभर एप्सम सॉल्ट विरघळवा आणि भांडं रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी जो पांढरा गोळा निघेल, त्यात बर्फाबरोबर मेरिडियानिआइटही मिसळलेलं असू शकतं. बघायचं ते दार उघडल्या उघडल्या बघून घ्या.