घसारा आणि एरंडेल

लहानपणी नाक दाबून पाजलेले एरंडेल एकेकाळी शर्यतीच्या मोटारींनाही पाजत, हे वाचल्यापासून मला त्या मोटारींविषयी बंधुभाव वाटू लागला आहे. १९०९ साली इंग्लंडात वेकफील्डसाहेबांनी खनिज तेलात एरंडेल मिसळून वंगण काढले. 'कॅस्ट्रॉल' हे नाव 'कॅस्टर'वरूनच पडले.

आपली शर्यतीची गाडी म्हणजे फियाट! वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्याची. १९७४ पासून ती 'पद्मिनी' झाली. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर अशा फियाटी बेभान पळत. इंजिन अवघे १०८९ सीसी!

अमरावतीत आज कुणी ती जपत असेल, तर तेल कोणते घालावे? डब्यावर '२०डब्ल्यू-५०' असते. डब्ल्यू म्हणजे विंटर. अकोल्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो. तिथे कसला विंटर, भाऊ? पाहायचा तो मागचा आकडा. तापल्यावर तेल किती दाट राहील, ते तो सांगतो. 'शून्य डब्ल्यू'वाले पातळ, महागडे तेल नव्या इंजिनांच्या बारीक फटींसाठी.

शिवाय जुन्या इंजिनात कॅमवर टॅपेट घासतो. मध्ये जस्त-फॉस्फरसच्या संयुगाचा थर लागतो. पण फॉस्फरसमुळे नव्या गाड्यांतले धूर शुद्ध करणारे यंत्र बिघडते, म्हणून नव्या तेलांत तो कमी केला. नव्याची सोय, जुन्याची झीज!

कॉमर्सवाले झिजेला घसारा म्हणतात. वहीतल्या घसाऱ्याने कर तरी वाचतो. कॅमवरच्या घसाऱ्याने फक्त मेकॅनिकचे घर चालते.