विलायती वाड्यांच्या हिशेबवह्या

इंग्लंडच्या खेड्यांतून विस्तीर्ण उद्यानांच्या मधोमध जे जुने जमीनदारी वाडे उभे आहेत, ते पाहण्यास दरवर्षीं लाखों लोक जातात. छतावरची नक्षी कोणाची, खुर्च्या कोणीं घडविल्या, हें सारें तेथें अगत्यानें सांगितलें जाई. पैसा कोठून आला, हें विचारणें मात्र फार काळ असभ्यपणाचें समजलें गेलें.

यॉर्कशरमधील हेअरवुड हाऊस घ्या. पाया १७५९ सालीं घातला गेला. जॉन कार व रॉबर्ट ॲडम यांचें स्थापत्य, चिपेंडेलचें लाकूडसामान; सौंदर्याबद्दल वाद नाहीं. मालक लासेल्स घराणें. त्यांतील हेन्री लासेल्स बार्बेडोस बेटावर जकातवसुलीचा अधिकारी होता. साखर, गुलाम आणि मळेवाल्यांस कर्ज, असा त्याचा त्रिविध व्यवहार. गहाणाची रीत आपणांस परकी नाहीं. हेन्रीच्या पश्चात् कर्जें थकलीं, तेव्हां मळे घराण्याच्या हातीं आले, आणि मळ्यांबरोबर तेथें राबणारीं माणसेंही आलीं.

१८३३ सालीं पार्लमेंटनें गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला व दोन कोटि पौंडांची नुकसानभरपाई मंजूर केली. ती मिळाली मालकांना! मुक्त झालेल्यांस एक कवडीही नाहीं. उलट बहुतेकांस १८३८ पर्यंत उमेदवारीच्या नांवाखालीं जुन्याच धन्याकडे राबावें लागलें. हेअरवुडच्या अर्लनें १,२७७ माणसांबद्दल सव्वीस हजारांहून अधिक पौंड घेतले. पैसे हवे तर माणसें मोजून दाखविणें भाग होतें. त्यामुळें लपविण्याजोगी गोष्ट मालकांनींच सरकारदरबारीं नोंदवून ठेविली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील संशोधकांनीं २०१३ मध्यें हे दावे सर्वांस खुले केले.

ग्लॉस्टरशरमधील सेझिनकोटची तऱ्हा निराळी. कलकत्त्यास कंपनीच्या नोकरींत श्रीमंत झालेल्या चार्ल्स कॉकरेलनें तो वाडा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं आपल्या स्थापत्यकार भावाकडून बांधविला. वर तांब्याचा मोंगली घुमट, आंत मात्र निव्वळ विलायती थाट. येथें हिंदुस्थान लपविलेला नाहीं, पण तो शोभेपुरता. कमाईचा उल्लेख भिंतींवर कोठें असणार? या कामीं सल्ला दिला चित्रकार टॉमस डॅनियल यानें. त्याच डॅनियलनें शनिवारवाड्यांतील १७९० च्या दरबाराचें चित्र १८०५ मध्यें पुरें केलें, पुण्यांत जेम्स वेल्सनें केलेल्या रेखाटनांच्या आधारें. तें चार्ल्स मॅलेटसाठीं होतें. सवाई माधवरावांच्या दरबारीं वकील असलेला हा गृहस्थ पुढें बॅरोनेट झाला.

२०२० सालीं नॅशनल ट्रस्ट या संस्थेनें आपल्या ९३ वास्तूंचा गुलामगिरीशीं किंवा वसाहतींशीं असलेला संबंध जाहीर केला, तेव्हां पूर्वजांची बदनामी झाली म्हणून मोठा गहजब उडाला. मला तो आक्षेप पटत नाहीं. नुकसानभरपाईचे आकडे कोणा द्वेष्ट्यानें रचलेले नाहींत. पूर्वजांनींच सहीनिशीं दिलेले आहेत.

बार्बेडोसांत १८१७ पासून गुलामांच्या नोंदवह्या ठेवीत. नांव, वय, वर्ण, काम, एवढीच नोंद, आडनांव क्वचितच. आज त्या बेटावरचीं कुटुंबें त्याच वह्यांतून आपल्या खापरपणजीचें नांव शोधीत असतात.