जनगणनेचा एक प्रश्न आणि खाडीकाठचे हात

१/११
स्त्री-पुरुषांच्या रोजगाराच्या दराची देशोदेशींची तुलना हल्ली वारंवार वाचनात येते. अमुक देशात शंभर स्त्रियांपैकी सत्तर कामावर, तमुक देशात पंचवीस. या आकड्यांमागे एक जुना प्रश्न दडलेला असतो: ‘काम’ कशाला म्हणायचे? नवी मुंबईच्या जन्मकाळात या प्रश्नाला फार मोठी किंमत होती.

२/११
आज जेथे वाशी, नेरूळ, बेलापूर उभे आहेत, तेथे १९७० पूर्वी भातखाचरे, खाजणे आणि मिठागरे होती. आगरी व कोळी समाजाची ही वस्ती. भाताची लावणी बायकांच्या हातची, मिठाच्या टोपल्या डोक्यावरून राशीपर्यंत वाहणे बायकांचे, आणि खाडीतली मासळी पाटीत भरून बाजारात विकणेही बायकांचेच. पुरुष नांगर वा होडी धरी. पण घरात पैसा येई तो दोघांच्या श्रमातून.

३/११
मुंबईवरील भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागातील ९५ गावे, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र, या प्रकल्पाच्या कक्षेत आले.

४/११
नेमक्या याच सुमारास, १९७१ मध्ये, देशाची जनगणना झाली. १९६१ च्या जनगणनेत हंगामी कामाची कसोटी सैल होती. हंगामाच्या बहुतेक काळात दिवसाला तासाहून अधिक नियमित काम करणारी व्यक्ती ‘कामकरी’ ठरे. १९७१ मध्ये मात्र आधी विचारले गेले, ‘मुख्य काम काय?’ जिचे मुख्य काम घरकाम असे उत्तर आले, ती ‘बिनकामकरी’ ठरली. तिची शेतीतली मदत दुय्यम काम म्हणून वेगळी नोंदली गेली.

५/११
परिणाम धक्कादायक होता. १९६१ मध्ये देशातील एकूण स्त्रियांपैकी सुमारे २८ टक्के कामकरी गणल्या गेल्या होत्या. दहा वर्षांत हे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. कोट्यवधी बायकांनी विळा खाली ठेवला नव्हता. प्रश्न बदलला होता. स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय समितीचा अहवाल १९७४ च्या अखेरीस आला, आणि स्त्रियांचा घटता कामसहभाग तेव्हापासून चर्चेचा विषय झाला.

६/११
ही चूक केवळ भारताची नव्हे. अमेरिकेतही एकोणिसाव्या शतकात विवाहितेच्या व्यवसायाच्या रकान्यात बहुधा ‘पत्नी’ एवढेच लिहिले जाई. शेतात वा घरगुती धंद्यात ती नवऱ्याच्या बरोबरीने राबत असली तरी नोंद तशीच. अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांनी जुनी दप्तरे पुन्हा तपासली, तेव्हा १८९० च्या दशकाअखेर विवाहितांचा रोजगाराचा दर जनगणनेत दिसतो त्याच्या जवळपास तिप्पट निघाला. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले.

७/११
गोल्डिन यांनी दाखवलेला आलेख इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा आहे. शेतीप्रधान समाजात स्त्रियांचा सहभाग मोठा असतो. कारखाने येतात, काम घरापासून दूर जाते, तसा तो घसरतो. शिक्षण आणि सेवाक्षेत्र वाढले की पुन्हा चढतो. म्हणूनच टांझानिया वा मादागास्करसारख्या देशांत स्त्रियांचा दर युरोपातील अनेक श्रीमंत देशांहून चढा दिसतो. चढा दर म्हणजे सुबत्ता, असे समीकरण मांडता येत नाही.

८/११
नवी मुंबईच्या गावांनी या आलेखाचा उतार एका पिढीत अनुभवला. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे कारखाने आले. तेथील पाळ्या प्रामुख्याने पुरुषांच्या होत्या. १९४८ चा कारखाना कायदा स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर कामास मनाई करी. जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळे, आणि ते नाव बहुधा पुरुषाचे असे. लावणीचा दिवस गेला, मिठागर गेले, तेव्हा त्या श्रमाची भरपाई मागायला कागदच नव्हता.

९/११
दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात झालेल्या गोळीबारांत पाच जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. हा लढा जमिनीचा होता आणि न्याय्य होता. मात्र या योजनेतही मोजमाप जमिनीचेच राहिले. जमिनीवर नाव नसलेल्या हातांचा हिशेब त्यात नव्हता.

१०/११
पुढे गणतीही सुधारली. १९९१ च्या जनगणनेत शेतातील वा घरच्या धंद्यातील बिनमोबदला काम विचारण्याची स्पष्ट सूचना आली. आजच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ वर्षांवरील स्त्रियांचा रोजगाराचा दर २०१७-१८ मध्ये २२ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४०.३ झाला, पुरुषांचा त्या वर्षी ७६.३ होता. पण कामकरी स्त्रियांत दोनतृतीयांशाहून अधिक स्वयंरोजगारात आहेत, आणि त्यांतील मोठा वाटा घरच्या शेतीधंद्यात पगाराविना राबणाऱ्यांचा. शहरी स्त्रियांचा दर २०२३-२४ मध्येही सुमारे २६ टक्क्यांवरच होता.

११/११
आज महापे, ऐरोलीच्या कार्यालयांत तरुणी रात्रपाळी करतात. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने, स्त्रीची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था या अटींवर, त्याला वाट दिली. आलेखाची दुसरी चढण येथे दिसते. या तरुणींचे नाव पगारपत्रकावर आहे. त्यांच्यातील कुणाच्या आजीने याच जमिनीवर मिठाची टोपली वाहिली असेल, तर तिचे नाव कोणत्या कागदावर होते, हे देशोदेशींचे दर ताडून पाहताना आधी विचारावे. (समाप्त)