तळटीप : आसामचे चहामजूर

* लेखकाने वर्णिलेली कुटुंबे मूळची आसामची नव्हेत. एकोणिसाव्या शतकात छोटा नागपूर, संथाळ परगणा, ओडिशा या भागांतून मुंडा, उराँव, संथाळ आदी समाजांतील माणसे ‘अरकाटी’ दलाल आणि मळ्यांचे सरदार यांनी करारावर आणली. ब्रह्मपुत्रेवरील आगबोटींत पटकीने कित्येक जण वाटेतच दगावले. करार मोडणे हा फौजदारी गुन्हा होता; १८६५च्या कायद्याने पळालेल्या मजुराला वॉरंटाविना पकडण्याचा अधिकार थेट मळेवाल्यांना दिला. मे १९२१मध्ये चरगोला खोऱ्यातील हजारो मजूर मळे सोडून गावाकडे निघाले, तेव्हा चांदपूर स्थानकात गुरखा शिपायांनी त्यांच्यावर हल्ला केला. १९५१च्या मळा कामगार कायद्याने घर, दवाखाना, पाळणाघर ही मालकांची जबाबदारी ठरवली. पण घर नोकरीशी जोडलेले असल्यामुळे नोकरीसोबत छप्परही जाण्याची धास्ती कायम राहिली. झारखंडात अनुसूचित जमाती असलेल्या मुंडा-उराँवांच्या आसामातील वंशजांना दशकानुदशके इतर मागासवर्गात ठेवले गेले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या श्रमांवर हा उद्योग उभा राहिला, त्यांच्यावरचा हा उघड अन्याय आहे. — संपादक